डांगरचं माप

डांगरला मोजायचं ठरलं तेव्हा
तो केळीच्या बागेत, ठिबकच्या नळीखाली,
ओल्या मातीला पोट लावून पडला होता.
टेप पाहून त्याला वाटलं, खेळ आहे.
नाकापासून शेपटीच्या बुडापर्यंत एकतीस इंच.
खांद्यापर्यंत बावीस.
कान धरायचे का मापात,
यावर घरात अजून एकमत नाही.

(नाव असं, कारण तापीच्या पात्रात
डांगरांच्या वेलांत सापडला होता तो,
एवढासा, डांगराएवढाच.)

जळगावच्या दुकानात प्लास्टिकचं एक होतं.
लाल छत, दारावर हाडाचं चित्र.
परदेशी डिझाइन आहे, दुकानदार म्हणाला, धुता येतं.
मी आत हात घालून पाहिला.
एप्रिलमधले सकाळचे अकरा,
डोक्यावर पंखा,
तरी आतून ते गरम भाकरीच्या डब्यासारखं वाफाळलेलं.
ज्यानं हे आखलं
त्याला निंभोऱ्याचा मे कुणी दाखवला नसावा.

फैजपूरचा वेल्डर पत्र्याचं देत होता,
दोन दिवसांत, रंगासकट.
"पंचवीस वर्षं हलणार नाही," म्हणाला.
कुत्रा एवढा टिकत नाही,
हे मी त्याला सांगितलं नाही.
मलाही ते मोठ्यानं ऐकायचं नव्हतं.

शेवटी पालहून गुलशेर तडवी आला,
मोटरसायकलला करवत बांधून.
आल्या आल्या माप विचारलं नाही.
अंगणात नुसता उभा राहिला, मग म्हणाला,
वारा कुठून येतो?
कोणता वारा?
मेमधला पश्चिमेकडून, झळा घेऊन.
थंडीतला सातपुड्यावरून उतरतो,
केळीची पानं उभी चिरत.
मग दार पूर्वेला.
जमिनीपासून वीतभर वर, विटांवर, विंचवांसाठी.
फळ्या कडूनिंबाच्या, वाळवी तोंड लावत नाही.
छत बिजागरीवर उचलतं,
गोचीड झाले तर ऊन आत ओतता येईल,
आणि त्यावर केळीच्या वाळल्या पानांचा थर,
दर उन्हाळ्याला नवा.

जरा ऐसपैस कर, मी म्हटलं, लाडाचा आहे.
तो हसला नाही.
"मोठं घर त्याले तापवता येत नाही, ताई.
थंडीत त्याच्या अंगाची ऊब
फळीले लागून त्याच्याकडेच परत आली पायजे."
पुढे दोन दिवस
मी आमच्या हॉलकडे जरा वेगळ्या नजरेनं पाहत होते.

आप्पा ओट्यावर बसून सगळं ऐकत होते.
तेहतीस वर्षं रेल्वेच्या फाटकावर काढली त्यांनी,
एका खोपटात,
जिथं उभं राहता यायचं, बसता यायचं.
पाय पसरण्याचं माप
त्या नकाशात कुणी धरलं नव्हतं.
कुत्र्याच्या घराबद्दल ते तोवर
एक अक्षर बोलले नव्हते, फक्त एकदा,
"आमच्या वक्ताले कुत्रे ओट्याखालीच निजत," एवढंच.

फळ्या कापून झाल्या तसे म्हणाले,
"एक खिडकी ठेव रे त्याले. रुयाच्या अंगानं.
गाडी आधी दिसली पायजे, मंग आवाज.
नायतं रातचं दचकते माणूस."

गुलशेरनं माझ्याकडे पाहिलं.
खिडकीतून थंडी येईल, मी म्हणणार होते.
रूळ दक्षिणेला आहेत, तो म्हणाला,
वरून सरकती फळी लावतो, दीडशे जास्ती होतील.

खिडकी झाली. पोस्टकार्डाएवढी.
डांगर येऊन भुसा हुंगून, शिंकून,
परत ठिबकच्या नळीखाली गेला.
आप्पांनी टोपी काढून ओट्यावर ठेवली,
गुडघे धरत धरत खाली बसले,
मग ओणवे झाले,
आणि खांद्यापर्यंत आत शिरले.

बराच वेळ काही नाही.
निंभोरा स्टेशनात न थांबता
एक मालगाडी गेली, पूर्ण, शेवटच्या डब्यापर्यंत.
मग लाकडाच्या आतून आवाज आला,
"दोन बोटं खाली घे."